झोपलेल्या पोरांना सोडून निघू नका

बीड जिल्ह्यातल्या एका आईचं पत्र आलं आहे. भाचीनं लिहून पाठवलंय. शब्द तिचेच ठेवले आहेत, थोडे कमी केले इतकंच.

"आम्ही शिरूर कासार तालुक्यातले. नवरा-बायको चौदा वर्षं झाली ऊसतोडीला जातो. दसरा झाला की जायचं, पट्टा पडला, हंगाम संपला, की यायचं. थोरली तेरा वर्षांची, आठवीला आहे. धाकटा सहाचा, यंदा पहिलीत घातलाय. आधी पोरांना संगं न्यायचो, तीन वर्षांपासून सासूबाईजवळ ठेवतो. गाडी रातची निघते. पोरं झोपलेली असतात, रडारड नको म्हणून तशीच ठेवून निघतो. मागल्या चैतात घरी आले तर धाकटा सासूबाईच्या पदराआड लपला, दोन दिस जवळ आला नाही. तिलाच आई म्हणतो. थोरली फोनवर 'हं' म्हणते आन फोन आजीकडं देते. यंदा सासूबाईला नीट दिसंना झालंय. मुकादमानं कर्नाटकातल्या कारखान्याचं ठरवलंय. मालक, म्हंजी आमचे हे, म्हणत्यात, पोरीला संगं घेऊ, भाकरी करील, धाकट्याला बघील. नात्यातल्या एकानं स्थळ आणलंय, म्हणतो पोरगी वयात आली, म्हातारीच्या जिवावर कशी ठेवता, उजवून टाका. मुकादमाकडून उचल, म्हंजी आगाऊ पैसं, घेतलीय, आता जाणं चुकत नाही. पोरांसाठीच तर जातोय, मग पोरंच परकी का व्हायला लागली? माझं काय चुकतंय?"

ताई,

आधी स्थळाचं बोलू या. बाकीच्या गोष्टींना आठ-पंधरा दिवस उशीर झाला तर निभेल, याला निभणार नाही.

तेरा वर्षांच्या पोरीचं लग्न नाही. आत्ता नाही, पट्टा पडल्यावर नाही, आणि "दहावी झाली की बघू" असंही नाही. मुलगी अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न लावणं हा 2006च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यात एकटे आईबाप अडकत नाहीत. लग्न लावणारा, पुढाकार घेणारा, माहीत असून मांडवात मिरवणारा, या सगळ्यांवर गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो; बायकांना सहसा कैद नसते, पण दंड चुकत नाही. गावात बालविवाह थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर टाकलेली आहे. तो नातेवाईक पुन्हा दारात आला तर मालकांनी त्याला एवढंच सांगावं, "आम्हाला जेलात जायचं नाही आणि तुम्हालाही पाठवायचं नाही." घरातल्या बाईनं नुसतं "नको" म्हटलं तर ते कुणी मनावर घेत नाही, म्हणून हा कायदा तुमच्या पाठीशी उभा करून बोला. थोरलीकडून 1098 हा नंबर पाठ करून घ्या. मुलांसाठीचा आहे, पैसे पडत नाहीत, कुठल्याही फोनवरून लागतो.

इतकं ठासून लिहिते आहे, कारण तुमच्या जिल्ह्याची गत ठाऊक आहे. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर बायकांपैकी जवळपास 44 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. सगळ्या राज्याचा आकडा 22च्या आसपास होता. बीडच्या बापांना पोरी जड झाल्यात असं मला वाटत नाही. बापाला भीती असते. सहा महिने पोर म्हातारीजवळ राहणार, कुणी वाईट नजर टाकली तर मी दोनशे कोसांवर. त्यापेक्षा उजवली की जबाबदारी सासरची. पण सासरही ऊसतोडीचंच असतं, ताई. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे जोडी. एकट्या पोराचा अर्धाच कोयता, म्हणून हंगामाच्या तोंडावर सून आणायची घाई. म्हणजे उसाच्या फडापासून वाचवायला म्हणून पोरगी उजवाल आणि पुढच्या दसऱ्याला ती दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरवर बसलेली असेल. एखाद वर्षानं पोटात जीव घेऊन मोळी उचलेल. चौदा वर्षं ऊस तोडणाऱ्या बाईला मोळीचं ओझं काय असतं ते मी सांगायला नको.

आता तिला संगं न्यायचं का, याबद्दल. मालक म्हणतात, भाकरी करील. रात्री तीनला तुम्ही फडात जाणार, म्हणजे भाकरीसाठी पोर अडीचला उठणार. तुम्ही गेल्यावर ती आणि धाकटा कोपीत, म्हणजे झोपडीत, एकटे. कोपीला दार नसतं, लाईट नसते, पाणी कुठून तरी लांबून आणायचं. म्हातारीजवळ सुरक्षित नाही म्हणून जिची काळजी करताय, तिला तिथं अंधारात कुणाच्या भरवशावर ठेवणार? शिवाय आठवीचं वर्ष मध्येच सुटलं की ती पुढच्या जूनमध्ये वर्गात बसायला लाजेल, मग "राहू दे आता" म्हणायला सगळेच मोकळे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जाणार असता तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन तिकडच्या शाळेत बसवा म्हटलं असतं. दाखला नाही म्हणून कुठल्याही शाळेला मूल परत पाठवता येत नाही, तसा कायदाच आहे. पण जवळची शाळा कन्नड निघाली तर पोर चार महिने फळ्याकडं नुसती बघत बसेल. नेऊ नका.

मग ठेवायची कुठं? आज-उद्याच शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना विचारा, यंदा हंगामी वसतिगृह होणार का, आणि दोन्ही पोरांची नावं यादीत घाला. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठीच ही सोय आहे. तुमच्याकडं पुष्कळ गावांत मुलं शाळेत दोन वेळचं जेवतात आणि झोपायला आजीकडं जातात. तुमच्या घराला हेच सगळ्यात बरं. सासूबाईंची चूल सुटेल, पण त्यांची कूस पोरांजवळ राहील. एक गोष्ट मात्र बघा. टोळ्या दसऱ्याला हलतात आणि वसतिगृहं कित्येकदा दिवाळी उलटल्यावर सुरू होतात. तोवर निम्मी पोरं फडात पोचलेली असतात. पोरं गेल्यावर जेवण शिजवून काय उपयोग, याचा मला दरवर्षी संताप येतो. म्हणून नुसतं विचारून येऊ नका. शाळा व्यवस्थापन समितीत तुमच्या वस्तीतलं कुणी असेल तर त्याला धरा, टोळीतल्या पाच-सहा बाया मिळून जा आणि तारीख विचारा.

गावात वसतिगृह झालंच नाही तर समाजकल्याण खात्याची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत, खास ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी. 41 तालुक्यांत मिळून 82 मंजूर झाली, मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं. सगळी अजून उभी नाहीत, काही भाड्याच्या इमारतीत चालतात, त्यामुळं तुमच्याजवळ कुठलं चालू आहे ते बीडच्या कार्यालयात विचारावं लागेल. त्यासाठी ऊसतोड कामगार असल्याचं ओळखपत्र लागेल. ते ग्रामसेवकाकडून मिळतं, नसेल तर निघायच्या आत काढा. पण माझं मन विचाराल तर बहीण-भावाची ताटातूट शेवटचा उपाय म्हणून ठेवा. आई नाही आणि ताई पण नाही, हे सहा वर्षांच्या पोराला फार होईल.

सासूबाईंचे डोळे तुम्ही निघायच्या आत दाखवा. मोतीबिंदू असेल तर जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया फुकट होते. दोन दिवसांची रोजी बुडेल, बुडू दे. सगळं घर त्यांच्या डोळ्यांवर सोडून जाताय. आणि रेशनच्या दुकानात त्यांना घेऊन जाऊन मशीनवर अंगठा उठतो का बघा. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे झिजलेले असतात. तुम्ही गेल्यावर कळलं की धान्य अडतं, आणि म्हातारी ते तुम्हाला फोनवर सांगतही नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडं येते. पोरं परकी का झाली.

ताई, मी स्वतः मागं ठेवलेली पोर आहे. आमचं गाव लांज्याजवळ. वडील मुंबईत गिरणीत होते. एकाच्या पगारात दोन चुली भागेनात, म्हणून 1976 साली आईही गेली. लालबागला चाळीच्या खोलीत गिरणीतल्या गड्यांची खानावळ चालवायला लागली. मी पाच वर्षांची, आजीजवळ राहिले. निघायच्या दिवशी आईनं माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाली, वरच्या घरच्या काकीकडून विरजण घेऊन ये. मी वाटी सांभाळत, सांडू नये म्हणून हळू हळू आले. तोवर आई एसटीत बसली होती. मी रडू नये म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. मी खरोखरच रडले नाही. ती वाटी घेऊन पडवीत बसून राहिले. पुढं कितीतरी दिवस मला कुणी काही आणायला पाठवलं की मी जायची नाही. मार खायची, पण जायची नाही. आजीला वाटायचं पोर हट्टी झाली. मला वाटायचं, मी गेले की मागं आणखी कोणीतरी जाईल.

म्हणून सांगते, तुम्ही जाता हे पोरांना सोसतं. वस्तीतल्या सगळ्यांचेच आईबाप जातात, तेवढं त्यांना कळतं. सकाळी उठून बघावं तर अंथरूण रिकामं, हे सोसत नाही. तुमचा धाकटा तीन वर्षं तसाच उठलाय. रात्री झोपलं की आई नाहीशी होते, हे त्यानं मनाशी पक्कं धरलंय. मग चैतात तुम्ही आलात तरी तो जवळ कसा येईल? पुन्हा जाणार ते त्याला ठाऊक आहे, कधी जाणार ते कुणी सांगत नाही. पदराआड लपून तो स्वतःला जपत होता.

यंदा झोपेत सोडून जाऊ नका. आठ दिवस आधी दोघांना जवळ घ्या, उजेडी, जेवणाच्या वेळी वगैरे, आणि सगळं सांगा. कुठं जाणार, कशानं जाणार, किती दिवस लागतील, तिथं काय करणार, उचल म्हणजे काय आणि ती का घेतली. भिंतीवर कॅलेंडर असेल त्यावर निघायच्या दिवसावर खूण करा. परतीची तारीख तुमच्या हातात नाही, पट्टा कधी पडेल ते कारखान्यावर आहे. ते तसंच सांगा: "होळीच्या आसपास, मागं-पुढं होईल." खोटा वायदा करू नका. धाकट्याला रोज एक दिवस खोडायला सांगा. गाडी रात्री निघणार असली तरी त्याला उठवा. रडेल, तुमच्या गळ्यात पडेल, सोडवून घ्यावं लागेल. मुकादम ओरडेल. ओरडू दे. ते रडणं तुमच्यासमोर झालं तर तुम्ही त्याचे डोळे पुसाल. नाहीतर पोर एकटंच कुढत राहील. तुमची एक नेसती साडी न धुता सासूबाईंजवळ ठेवा, रात्री पांघरायला.

तो सासूबाईंना आई म्हणतो, याचं वाईट वाटणं मी समजू शकते. पण त्याला टोकू नका आणि सासूबाईंनाही बोल लावू नका. ज्याला आई म्हणावं असं माणूस त्याच्याजवळ आहे, हे तुमचं नशीब आहे. परत आल्यावर त्याला ओढून मांडीवर घेऊ नका. सासूबाईंजवळ बसा, त्यांच्या कामाला हात लावा. त्याचा तो येईल.

थोरलीचं वेगळं आहे. ती रागावली आहे, आणि माझ्या मते तिचा राग रास्त आहे. तेरा वर्षांच्या पोरीवर तुम्ही घर टाकून जाता. भाऊ, म्हातारी, पाणी, भाकरी, सगळं तिच्याकडं. आणि फोन लागला की विचारता काय? भाऊ जेवला का, आजीनं गोळी घेतली का, अभ्यास करतेस ना. तिच्याबद्दल एक शब्द नाही. मग ती "हं" नाही म्हणणार तर काय? आठवड्यातले दोन वार ठरवा, त्या दिवशी फोन फक्त तिच्यासाठी. पहिल्यांदा बोलणार नाही. तुम्हीच बोला. तिला रागावू द्या, "मला टाकून जाता" म्हणू द्या, आणि तेव्हा "तुमच्यासाठीच तर जातो" हे वाक्य तोंडातून काढू नका. ते खरं आहे, पण त्यानं पोराचं तोंड बंद होतं. पोराला वाटतं, आईच्या कष्टाचं कारण मीच. आणि निघायच्या आधी तिच्याशी पाळीचं बोला. आली असेल-नसेल, कपडा किंवा पॅड कुठं ठेवलंय, पोट दुखलं तर कुणाला सांगायचं, शेजारची कुठली बाई भरवशाची आहे. कुणी अंगाला हात लावला तर कुणाकडं धावायचं हेही तिला नाव घेऊन सांगा. ते बोलायला जीभ जड होते, मला माहीत आहे. तरी बोला.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं. 1982च्या 18 जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. खानावळीत जेवणारे गडी गावोगाव परतले. शिमग्याला माझी आईही परतली ती कायमची. मी अकरा वर्षांची होते. मी तिला आई म्हणेना. "ए" म्हणायची, किंवा काहीच नाही. पहिल्या दिवशी तिनं भात लावला आणि तो झाकणाबाहेर आला, दुसऱ्या भांड्यात काढला, ते भरलं, आजी हसायला लागली. तिघींपुरता भात कसा लावायचा तेच तिचा हात विसरला होता. सहा वर्षं रोज वीस माणसांचं शिजवलं होतं. आम्ही तो भात दोन दिवस खाल्ला. त्या भाताच्या ढिगाकडं बघून मला पहिल्यांदा कळलं की ही बाई तिकडं काय करत होती. तोवर मला वाटायचं मुंबईला ती मजेत आहे, मनिऑर्डरी नुसत्या येतात.

तुमच्या पोरीला ठाऊक आहे का ताई, एका दिवसात तुम्ही किती मोळ्या बांधता? तीन वर्षांपूर्वीपर्यंत ती फडात तुमच्यासंगं होती, पण तेव्हा तिनं काही मोजलं नसणार. तिला सांगा. 2024 साली तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, टनाला 273चे 366 रुपये झाले, आणि तरीही दोन टन तोडले तर दोघांचे मिळून सव्वासातशे-साडेसातशेच पडतात, एक दिवस आजारी पडलं की खाडा कापला जातो, हा हिशेब तिच्यासमोर मांडा. आठवीतली पोर आहे, गुणाकार-भागाकार येतो. उचल किती, फिटली किती, उरली किती, ही वही तिच्याकडंच द्या. मुकादमाच्या वहीशी ताडून बघायला घरात एक शिकलेलं माणूस होईल. आणि तुमच्या फोनवर बोलायला तिच्याजवळ विषय होईल.

तुमचं काय चुकतंय, असं विचारलंत. पोरांना न सांगता निघालात, एवढं चुकलं. बाकी जे आहे, घरच्या रानात पाणी नाही, गावात सहा महिने काम नाही, पोट भरायला दुसऱ्याचा ऊस तोडावा लागतो, ते तुमच्या पदरात टाकून घेऊ नका. एका वर्षी जोडीतलं एक माणूस घरी राहिलं तर काय होईल, हे मालकांशी एकदा बसून मोजा मात्र. अर्ध्या कोयत्यावर उचल फिटणार नाही, यंदा तर नाहीच. पण पुढल्या साली उचल थोडी कमी घेता आली, धाकटा दुसरी-तिसरीत असताना तुम्ही घरी राहू शकलात, तर तो विचार आत्तापासून करावा लागेल. नवी उचल लग्नासाठी किंवा कुणाच्या कार्यासाठी घेऊ नका.

हे उत्तर भाचीकडून वाचून घ्याल तेव्हा थोरलीलाही शेजारी बसवा. स्थळाचा भाग आला की तिच्या तोंडाकडं बघा.

चैतात परत आलात की मला कळवा. तेव्हाचं पत्र थोरलीकडून लिहून घ्या.